कपाचा भाव नंतर विचारा, आधी कोटिंग विचारा



फोटो कपाचा धंदा सुरू करायचा म्हटलं की पहिला प्रश्न प्रिंटरचा येतो. "सर, कोणता प्रिंटर घेऊ?" दुसरा प्रेस मशीनचा, तिसरा शाईचा. आणि कप? कपाबद्दल एकच प्रश्न असतो, "सगळ्यात स्वस्त कुठे मिळतील?" माझं मत याच्या अगदी उलटं आहे. प्रिंटर मध्यम घ्या, मशीन साधं घ्या, पण काटकसर कपात करू नका. आणखी नेमकं सांगायचं तर कपावरच्या त्या थरात करू नका, जो डोळ्याला दिसतसुद्धा नाही.

(धंद्यात याला 'मग' म्हणतात, पण आपलं गिऱ्हाईक कपच म्हणतं. मीही कपच म्हणणार, नाहीतर प्रत्येक वाक्यात 'मग मग' होईल.)

आधी हे समजून घ्या की सब्लिमेशनची शाई चिनी मातीला धरतच नाही. खात्री करायची असेल तर भांड्याच्या दुकानातून साधा पांढरा कप आणा, त्यावर फोटो लावा आणि मशीनमध्ये घाला. फिकट डाग उमटेल, साबण लावून घासलात की निघून जाईल. कपाच्या अंगावरची चकाकी, म्हणजे ग्लेझ, ही एक प्रकारची काचच असते. काचेत रंग शिरायला जागा नाही.

देवघरातला कापूर उघडा राहिला तर तो वितळत नाही, तसाच उडून जातो. या शाईतले रंगही तसेच वागतात. साधारण १८० ते २०० अंश तापमानाला ते कागदावरून वाफ होऊन उठतात. त्या वाफेला शिरायला पॉलिएस्टर लागतं, कारण हे तंत्र मुळात पॉलिएस्टर कापडासाठीच वाढलं. पॉलिएस्टरचा धागा १९४१ साली इंग्लंडमध्ये तयार झाला आणि त्याला रंग कसा द्यायचा या खटपटीतून पुढे हे सगळं आलं. कपावर आपण जे कोटिंग म्हणतो ते म्हणजे कपाला चढवलेलं पॉलिएस्टरचं पातळ कापडच समजा. गरम झालं की त्याची वीण सैल होते, रंगाची वाफ आत जाते. थंड झालं की वीण घट्ट होते आणि रंग आत अडकतो.

आता यातून निघणारी गोष्ट नीट ऐका. फोटो कपावर नाही, फोटो कोटिंगच्या पोटात आहे. कोटिंग खरचटलं तर फोटो खरचटला. कोटिंग पिवळं पडलं तर नवरीचा पांढरा शालू पिवळा पडला. कोटिंगचं पापुद्रं सुटलं तर सेवानिवृत्त गुरुजींचं अर्धं कपाळ गेलं. तुमचा प्रिंटर कितीही भारी असो, त्याला यात काही करता येत नाही.

कोटिंग करतात कसं? कारखान्यात कपाला बाहेरून द्रवाचा फवारा देतात आणि भट्टीत भाजून तो थर पक्का करतात. थर पातळ झाला, सगळीकडे सारखा बसला नाही किंवा भट्टीत कमी वेळ ठेवला, तरी कप बाहेरून तसाच चकचकीत दिसतो. भाकरी वरून फुगलेली दिसते आणि आत कच्ची निघते, अगदी तसं. कच्च्या कोटिंगची खूण मशीनमध्येच मिळते. कागद काढताना तो चिकटून येतो, पृष्ठभागावर कागदाचे तंतू राहतात. आणि मशीनमध्ये नाही कळलं तर मग गिऱ्हाइकाच्या मोरीत कळतं.

होलसेलवाले 'ए', 'डबल ए', 'ट्रिपल ए' अशा ग्रेड सांगतात. ऐकायला बरं वाटतं. पण सोन्याच्या हॉलमार्कमागे जशी सरकारी व्यवस्था उभी आहे, तशी या अक्षरांमागे कोणी नाही. एकाचा ट्रिपल ए हा दुसऱ्याचा डबल ए असू शकतो. इतकंच काय, त्याच दुकानदाराची मार्चमधली पेटी आणि जूनमधली पेटी वेगळी निघू शकते. आपल्या खामगावला लोक रजतनगरी म्हणतात. तिथे चांदी घ्यायला गेलेला माणूस "चांगली आहे हो" एवढ्यावर पैसे मोजतो का? तो कस विचारतो. मग ३६ कपांची पेटी आपण नुसत्या तीन इंग्रजी अक्षरांवर का उचलतो?

आता बुलढाणा जिल्ह्यापुरतं बोलतो, कारण व्हिडिओत मुंबई-पुण्याचे कप आणि आपल्याकडचे कप यांचं आयुष्य सारखं नसतं.

पहिली गोष्ट पाण्याची. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद हा भाग पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात येतो. बोअरचं पाणी खारट आणि जड. भांडं धुऊन उपडं ठेवलं की वाळल्यावर पांढरे डाग दिसतात. हे डाग काढायला घरातली बाई जोर लावते, आणि हातात असते तारेची घासणी. क्षार स्वतः कोटिंगला लगेच मारत नाही, पण क्षार काढायला जी घासाघीस होते ती मारते.

दुसरी गोष्ट राखेची. अजूनही कितीतरी घरांत भांडी राखेनं घासतात. राख खरखरीत असते आणि वर अल्कलीयुक्त, म्हणजे खारी. पॉलिएस्टरला अल्कलीचं वावडं आहे, आणि त्यात गरम पाणी मिळालं की जास्तच. आपल्या लोणारच्या सरोवराचं पाणी याच जातीचं, त्याचा सामू १० च्या आसपास असतो. शहरातल्या डिशवॉशरची पावडरही अशीच कडक अल्कलीची असते, त्यात पाणी गरम आणि धुणं तासभर. म्हणून डिशवॉशरमध्ये हलक्या कोटिंगचे कप आधी मळकट दिसतात, नंतर रंग सोडतात. आपल्याकडे डिशवॉशर कमी, पण राख, तारेची घासणी आणि चुलीवरचं गरम पाणी हे तिन्ही मिळून तेच काम करतात.

तिसरी गोष्ट विजेची. संध्याकाळी व्होल्टेज पडलं की प्रेसची कॉइल हळू तापते. स्क्रीनवर १८० आलं, तुम्ही थंडगार कप घातला, तापमान खाली गेलं आणि परत वर यायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. टायमर मात्र आपला वेळ मोजून मोकळा. अशा वेळी रंग पुरता आत शिरत नाही आणि आपण शिव्या घालतो कोटिंगला. म्हणून दोष कोणाचा हे ओळखता आलं पाहिजे. त्यावर येतोच.

पावसाळ्यात कागद ओल धरतो. ओला कागद गरम झाला की त्यातली वाफ रंगाच्या आधी धावते आणि फोटोवर पांढरे ठिपके पडतात. हेच ठिपके कोटिंगमधल्या बारीक भोकांमुळेही पडतात, धुळीमुळेही पडतात. कागद प्लास्टिकच्या पिशवीत बंद ठेवा आणि कप पुसून घ्या. एवढं केल्यावरही ठिपके आले तर कोटिंगकडे बघा.

दोष ओळखायची माझी पद्धत एकदम साधी आहे. ज्या पेटीचे कप चांगले निघाले, त्यातले चार-पाच कोरे कप बाजूला काढून ठेवायचे. मी त्यांना साक्षीदार कप म्हणतो. नवीन पेटी आली आणि गडबड वाटली, की एक नवीन कप आणि एक साक्षीदार कप घ्यायचा. तोच फोटो, तीच शाई, तेच तापमान, तोच वेळ. दोन्ही बिघडले तर मशीन, कागद किंवा शाई बघा. फक्त नवीन बिघडला तर कोटिंग. दुकानदाराशी बोलायलाही हा पुरावा कामाचा. "तुमचं मशीन खराब असेल" हे त्याचं ठरलेलं उत्तर असतं, आणि त्याला दोन कप शेजारी ठेवलेला फोटो पाठवला की ते उत्तर बंद होतं.

काही खुणा पाठ करून ठेवा. काळा रंग तपकिरी दिसतोय तर आधी तापमान आणि वेळ वाढवून बघा, कोटिंगला लगेच दोष देऊ नका. दांडीजवळ उभी फिकट पट्टी येते ती बहुतेक वेळा मशीनची पकड तिथपर्यंत पोचत नाही म्हणून. तिथला फोटो थोडा आत घ्या. अक्षरांच्या कडा धुरकट झाल्या तर कागद हलला किंवा गरम कपावर तो जास्त वेळ राहिला. कप बाहेर आल्यावरही रंग उडतच असतो हे लक्षात ठेवा. पण पांढरी जागा पिवळी पडली, तापमान-वेळ नेहमीचाच असून कागद चिकटला, किंवा गार झाल्यावर नखानं ओरखडा उठला, तर तो कप कोटिंगमध्येच गेला.

पेटी फोडल्यावर काय तपासायचं? यासाठी प्रयोगशाळा नको, कंपासपेटी पुरते. आधी कप ट्यूबलाइटखाली तिरपा धरून फिरवा. संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा, ओघळ, धुळीचे दाणे दिसले तर तो कप बाजूला. मग पेन्सिली घ्या. एचबी, एच, २एच, ३एच, ४एच, पुस्तकांच्या दुकानात मिळतात. शिसाचं टोक कागदावर घासून सपाट करा, पेन्सिल ४५ अंशात धरा आणि कपावर जोर देऊन पुढे ढकला. रेघ पुसून बघा. शिसाचा डाग जातो, ओरखडा जात नाही. कोणत्या पेन्सिलपर्यंत ओरखडा येत नाही ते लिहून ठेवा. रंगाच्या कारखान्यांमध्येही थराचा कडकपणा याच पद्धतीनं मोजतात, आपण फक्त घरगुती करतोय. अमुक आकडा आलाच पाहिजे असं मी सांगणार नाही. तुमच्या साक्षीदार कपापेक्षा नवीन कप मऊ निघाला तर सावध व्हा, एवढंच.

यानंतरची परीक्षा उकळण्याची, आणि माझ्या मते हीच सगळ्यात प्रामाणिक. फोटो छापलेला कप गंजात थंड पाण्यात ठेवा आणि हळूहळू तापवा. एकदम उकळत्या पाण्यात टाकला तर कप तडकेल. अर्धा तास उकळू द्या, गॅस बंद करून तसाच गार होऊ द्या. बाहेर काढा, पुसा, ब्लेडनं फोटोच्या एका कोपऱ्यात उभ्या-आडव्या रेघा मारून बारीक चौकडा करा. त्यावर चिकटपट्टी घट्ट दाबा आणि झटक्यात ओढा. चौकटी जागेवर राहिल्या तर कोटिंगनं कप धरलाय. चिकटपट्टीवर रंगीत तुकडे आले तर ती पेटी परत.

आणि शेवटी खरी मोरी. फोटोच्या अर्ध्या भागावर चिकटपट्टी लावा. उरलेला अर्धा भाग तुमच्या घरात ज्या साबणानं आणि ज्या घासणीनं भांडी घासतात, त्यानंच शंभर वेळा घासा. पट्टी काढा आणि दोन्ही भाग शेजारी बघा. हे काम आईला किंवा बायकोला करू द्या, आपण हळू हातानं घासतो!

तीन-चार कप या परीक्षेत वाया जातात. लोकांना तिथेच जीव तुटतो. म्हणून हिशेब मांडतो. आकडे उदाहरणासाठी आहेत, तुम्ही तुमचे घाला. समजा हलका कप ७० रुपयांना आणि बरा कप ८२ ला मिळतो. शाई, कागद आणि खोका मिळून २० रुपये. शाळेच्या स्नेहसंमेलनाची १०० कपांची ऑर्डर २०० रुपये दरानं मिळाली. हलका कप घेतला तर १,२०० रुपये वाचले. त्यातले ८ कप महिनाभरात परत आले, बदलून दिले, प्रत्येकी ९० प्रमाणे ७२० गेले. बचतीतले उरले ४८०. इथपर्यंत ठीक वाटतं. पण पुढच्या वर्षी ती शाळा तुम्हाला बोलावणार नाही. ८२ चा कप घेऊन त्या ऑर्डरमध्ये कपामागे ९८ रुपये सुटले असते, म्हणजे १०० कपांचे ९,८००. चारशे ऐंशीसाठी नऊ हजार आठशे. यात मोटारसायकलचं पेट्रोल आणि मुख्याध्यापकांसमोर खाली घातलेली मान धरलेलीच नाही.

मोठ्या शहरात एक गिऱ्हाईक गेलं तर दुसरं येतं, असं म्हणतात. असेल. पण चिखलीत, मेहकरात, नांदुऱ्यात तुमचं गिऱ्हाईक तुम्हाला आठवडी बाजारात भेटतं, लग्नात पंगतीला शेजारी बसतं. बॅचमधल्या एका ताईंना त्यांच्या गावातल्या बाईनं भर बाजारात सांगितलं, "बाई, कप धुतला अन् आमच्या बापूचा चेहराच गेला." वडील वारलेले होते, त्यांचा तो फोटो होता. ताईंनी कप बदलून दिला, पण ते वाक्य ऐकलेल्या बायकांना कप बदलून देता येत नाही. बचत गटाचं कर्ज काढून किंवा जिल्हा उद्योग केंद्रातून मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात फाइल टाकून जो मशीन आणतो, त्याला असं एक वाक्य किती महागात पडतं ते हप्ता भरणाऱ्यालाच विचारा.

देवाधर्माच्या कपांबद्दल तर माझं मत आणखी कडक आहे. शेगावात महाराजांच्या फोटोचे कप मागणारे येतात, तसे "उष्ट्या भांड्यावर महाराज नको" म्हणणारेही भेटतात, आणि त्यांचंही बरोबर आहे. छापायचंच असेल तर हलक्या कोटिंगवर अजिबात छापू नका. झिजलेल्या चेहऱ्याचा कप लोक वापरत नाहीत आणि फेकतही नाहीत. तो वर्षानुवर्षं फळीवर राहतो आणि बघणाऱ्याला तुमचं दुकान आठवत राहतं. सिंदखेडराजाला १२ जानेवारीला जिजाऊ जन्मोत्सव असतो, त्यासाठी डिसेंबरअखेर जिल्हाभर ऑर्डरी निघतात. पेटी ९ जानेवारीला आली तर ती उकळून बघायला वेळ कुठून आणणार? त्या ऑर्डरीचे कप नोव्हेंबरात आणून, तपासून ठेवायचे.

याचा अर्थ हलका कप कधीच घेऊ नका असा नाही. कोणाला फक्त शोकेसमध्ये ठेवायचा आहे, सत्काराला द्यायचा आहे, तर साधा कप चालतो. पण तसं सांगून विका आणि भावही तसा लावा. हेही सांगा की खिडकीच्या उन्हात ठेवला तर न धुताही रंग उडेल, कारण हे रंग उन्हाला कच्चे असतात. आपल्याकडचा एप्रिल-मे काय असतो ते वेगळं सांगायला नको. दुकानाच्या काचेत पश्चिमेच्या उन्हात नमुन्याचे कप मांडणारे पाहिले की मला राहवत नाही.

गरम चहा ओतला की फोटो दिसणारा जादूचा कप मुलांना आवडतो, वाढदिवसाला खपतोही. पण त्यात रंग बदलणारा वेगळा थर असतो आणि तो नाजूक असतो. रात्रभर पाण्यात भिजत ठेवला, मायक्रोवेव्हमध्ये घातला, घासणीनं घासला, की जादू संपली. रोज चहा पिणाऱ्याला मी तो सुचवत नाही.

कोणी विचारतं, "सर, मार्केटात कोटिंगचा स्प्रे मिळतो, साधे कप आणून घरीच मारला तर?" शिकण्यासाठी मारा, विकण्यासाठी नको. सारखा थर देणं आणि तो भट्टीत नीट भाजणं हे घरच्या ओव्हनचं काम नाही. शिवाय तो कप कोणाच्या तरी ओठाला लागणार आहे.

आणि ज्याला खरंच वर्षानुवर्षं टिकणारा कप हवाय, उदाहरणार्थ हॉटेलवाला, त्याला सब्लिमेशन विकूच नका. त्याच्यासाठी डेकल असतं. त्यात खनिज रंगांचं चित्र कपावर लावून साधारण ८०० अंशाला भट्टीत भाजतात आणि रंग ग्लेझमध्येच विरघळून बसतो. उत्तर प्रदेशातलं खुर्जा हे अशा भांड्यांचं गाव. पण तिथे एका कपाची ऑर्डर कोणी घेत नाही आणि फोटोतला बारकावा सब्लिमेशनसारखा येत नाही. आपली ताकद एका कपाची ऑर्डर अर्ध्या तासात देण्यात आहे. टिकाऊपणात आपण डेकलशी भांडायला जायचं नाही.

म्हणूनच "लाइफटाइम गॅरंटी, रंग जाणारच नाही" असं स्टेटसला टाकणं मला पटत नाही. त्याऐवजी प्रत्येक खोक्यात छोटी चिठ्ठी घाला, मराठीत. "मऊ स्पंजनं धुवा. राख आणि तारेची घासणी वापरू नका. रात्रभर भिजत ठेवू नका. उन्हात ठेवू नका." खारपाणपट्ट्यातलं गिऱ्हाईक असेल तर एक ओळ जास्त, "धुतल्यावर लगेच कापडानं पुसा." चिठ्ठीला पन्नास पैसे लागत नाहीत.

होलसेलवाल्याला फोन कराल तेव्हा भावाच्या आधी हे विचारा: कोटिंग कुठे होतं, पेटीवर बॅच नंबर असतो का, तुम्ही स्वतः कोणत्या तापमानाला आणि किती सेकंद सांगता, आणि कोटिंगमध्ये दोष निघाला तर फोडलेल्या पेटीतले कप परत घेता का. जो तापमान आणि वेळ लगेच सांगतो त्यानं स्वतः कप छापून बघितलेला असतो. जो "सगळं चालतं हो, काही टेन्शन नाही" म्हणतो त्याच्याकडून आधी फक्त सहा कप मागवा. दोन छापा, एक उकळा, एक घासा, एक पेन्सिलीला द्या. सहावा कोरा ठेवा, त्यावर पेनानं तारीख आणि दुकानदाराचं नाव लिहून.